मागणी फक्त चार पुडे

शेषरावची पोट्टी एमबीएत नापास झाली आन वाशीमच्या गोदामात हमाली करून राह्यली, ही बातमी अनसिंगात पहिल्यांदा आणली गंगूकाकूंनी. त्यांनी धम्मदीपाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, खांद्यावर हे एवढं पोतं, आणि टेम्पोतून उतरत होती. दुपारपर्यंत त्या पोत्यात साखर भरली गेली. संध्याकाळी ते तिच्या पायावर पडलं. दुसऱ्या दिवशी पायाला प्लास्टर लागलं. तिसऱ्या दिवशी धम्मदीपा ताडताड चालत पिठाच्या गिरणीवर निघाली, तेव्हा ओट्यावरच्या बायांनी एकमेकींना सांगितलं, "काढलं वाटते वं पलस्तर."

खरी गोष्ट एवढीच होती, की धम्मदीपा एमबीएच्या पहिल्या वर्षात चांगली पास झाली होती आणि उन्हाळी इंटर्नशिपसाठी वाशीमला जात होती. साखळी दुकानं चालवणाऱ्या एका कंपनीचं तिथं गोदाम आहे. आजूबाजूच्या गावांतल्या छोट्या दुकानांना तिथून माल जातो. पोतं होतं मुरमुऱ्यांचं. ते लहान लेकरूही उचलेल. टेम्पोत रिकामं उभं राहायला तिला कसंतरी वाटत होतं, म्हणून तिनं उचललं. ओढणी उन्हासाठी होती.

पण गंगूकाकूंची बातमी अर्धी खरी ठरायची भीती होतीच. कॉलेजची अट होती, की गोदामाच्या कामात एक तरी बदल सुचवायचा, तो करून दाखवायचा, आणि बदल जमला असं मॅनेजरनं सही करून द्यायचं. सही नाही मिळाली तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा इंटर्नशिप. म्हणजे अख्खं वर्ष लांबलं.

मॅनेजर उत्कर्षसाहेब पुण्याचे. त्यांचं वाक्य 'बेसिकली'पासून निघायचं आणि 'राइट?'वर येऊन टेकायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी धम्मदीपाला संगणकासमोर बसवलं.

"बेसिकली, केनवडच्या दुकानाला डिमांडच नाहीये. आठवड्याला दोन फेऱ्या वेस्ट जातात. तू एवढंच प्रूव्ह कर, की एक फेरी पुरते. राइट?"

"सर, आधी एकदा जाऊन पाहू का?"

"डेटा आहे ना इथे! जाऊन काय दिसणारे?"

तरी ती गेली. ड्रायव्हर मदनसिंग तिला शेजारी बसवून घ्यायचे आणि रस्ताभर खड्ड्यांची ओळख करून द्यायचे. "बेटा, घट्ट धरजो. आता येते थो माह्या जुन्या वयखीचा हाय."

केनवडचं दुकान वर्षाराणी सांभाळायची. घरी शेती, सासू, दोन पोरं, आणि नऊ ते सहा हे दुकान. दुकानाचा एक नियम होता. रोज सकाळी दहा वाजता प्रत्येक फळीचा फोटो साहेबांना पाठवायचा, आणि फोटोत जागा रिकामी दिसता कामा नये. वर्षाराणी पावणेदहाला कामाला लागायची. साबण संपला की कपड्यांची पावडर आडवी पसरायची. बिस्किटं संपली की खारी पुढं ओढायची. मेणबत्त्यांच्या जागी तर तिनं अगरबत्त्या अशा मांडल्या होत्या, जशा काही त्या जन्मापासून तिथंच आहेत.

"ताई, इथं मेणबत्त्या होत्या ना?"

"व्हत्या. संपल्या कवाच्याच."

"मग साहेबांना सांगितलं नाही?"

"काहून सांगू? सांगतलं का मालूम हाय काय म्हणते थो? 'फळी रिकामी कशी काय दिसते, वर्षाराणी?' मंग दिसूच कायले द्यायची!"

म्हणजे दुकानात जे नव्हतं, ते साहेबांना कधीच दिसत नव्हतं. आणि संगणकाला तर फक्त विकलेलंच दिसायचं.

धम्मदीपा दाराजवळ स्टूल घेऊन बसली. बाया यायच्या, फळ्यांवरून नजर फिरवायच्या, दाराजवळच्या पंख्याखाली घडीभर टेकायच्या आणि निघून जायच्या. काय पाहिजे विचारलं की एकच उत्तर, "काही नाही बाई, अशीच पाहून राह्यली." धम्मदीपाला हे उत्तर पाठ होतं. तिची आई अनसिंगच्या दुकानांत हेच म्हणते. वस्तू मागायची आणि 'नाही' ऐकायचं, त्यापेक्षा मागायचंच नाही. म्हणून ती बायांच्या बाजूला जाऊन बसायला लागली. आधी लेकीबाळींची चौकशी, मग उन्हाची, मग हळूच मुद्द्यावर.

प्रयागबाई आज्जींशी पहिल्याच दिवशी जमलं.

"आजी, पौर्णिमेची तयारी झाली का?"

"होऊन राह्यली. खिरीचे तांदूळ घेतले. मेणबत्त्या राह्यल्या. विहारात बी लावा लागते, घरी बी."

"इथं घ्यायच्या होत्या?"

"इथं? इथं भेटत नाईत. रिसोडले जातो."

"मग इथं कशाला आल्या?"

"पंख्यासाठी," आज्जी म्हणाल्या. "तुह्या साहेबानं पंखा मस्त लावला, बाप्पा."

पाच दिवसांत धम्मदीपाच्या वहीत एकेचाळीस बाया झाल्या. कुणाला एक पुडा हवा होता, कुणाला दोन. वही घेऊन ती उत्कर्षसाहेबांपुढं उभी राहिली. बुद्धपौर्णिमेला आठ दिवस होते.

"साठ पुडे?" साहेबांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "लास्ट इयर पौर्णिमेच्या आठवड्यात केनवडला विकले चार. सिस्टीम म्हणते, मागणी फक्त चार पुडे."

"सर, पाठवलेच चार होते. पाचवा कुठून विकणार?"

साहेबांनी स्क्रीन परत स्वतःकडे वळवली. मग म्हणाले, "ओके. साठ. पण पौर्णिमेनंतर एक जरी पुडा परत आला, तर मी सही करणार नाही. राइट?"

"हो सर," धम्मदीपा म्हणाली, आणि बाहेर येऊन दोन पेले पाणी प्यायली.

माल पोचला. वर्षाराणीनं साठही पुडे आतल्या फळीवर, नावं समोर करून, ओळीत लावले आणि दहाला फोटो पाठवला. तीन दिवसांत विकले गेले नऊ.

चौथ्या दिवशी प्रयागबाई पंख्याखाली येऊन टेकल्या. पिशवीत दोन पुडे होते, रिसोडचे.

"आजी! त्या काय तिकडं मेणबत्त्या! तीन दिवस झाले येऊन."

आज्जींनी मान वळवून आत पाहिलं, मग धम्मदीपाकडे पाहिलं. "मंग सांगाव ना बाई! तीन साल जे भेटलं नाही थे आज हाय, हे मले सपनात दिसन का?"

त्या संध्याकाळी धम्मदीपा घरी आली ती थेट जेवायला बसली. तिच्या काकाची मुलगी म्हणजे मी. आमचं घर भिंतीला भिंत लागून आहे आणि मला सगळ्यांचे आवाज काढता येतात. मी उत्कर्षसाहेबांच्या आवाजात म्हटलं, "बेसिकली, दीपाताई, दहा तरी पुडे उरणार. राइट?"

"लाव पैज," ती ताटातून वर न पाहता म्हणाली. "एकबी नाही उरत. उरला तर तू म्हणशील थे. नाही उरला तर पंधरा दिवस कोणाचाच आवाज काढायचा नाही."

मी लावली. साठातले नऊ गेले होते आणि तीन दिवस उरले होते. मला काय भीती?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आतली फळी रिकामी केली. दाराजवळ पंख्याखाली रिकामा क्रेट उपडा घातला आणि एक्कावन्न पुडे त्यावर रचले. बाया टेकतात, त्यांचा हात पोचेल इतक्या जवळ.

"फोटोत काय दाखवू?" वर्षाराणीचा चेहरा उतरला. "फळी रिकामी हाय ना वं!"

"आहे तशीच दाखवा, ताई. आणि क्रेटचाही काढा."

दहा वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. वर्षाराणीनं घाबरून स्पीकर लावला.

"वर्षाराणी, व्हॉट इज धिस? दुकान आहे का आठवडी बाजार?"

वर्षाराणीनं धम्मदीपाकडे पाहिलं. धम्मदीपानं क्रेटकडे पाहिलं. तिथं एक बाई पुडा उचलून त्याचा वास घेत होती, दुसरी पदराची गाठ सोडत होती. वर्षाराणी म्हणाली,

"साहेब, बेसिकली बाया इथंच बसतेत. राइट?"

 पलीकडून "चालू दे" आलं.

त्या दिवशी एकवीस गेले. प्रयागबाईंकडे रिसोडचे दोन होते, तरी त्यांनी आणखी दोन घेतले. "विहारात दर साली कमी पडतेत," म्हणाल्या, आणि जाताना वाटेतल्या सगळ्या दारांत थांबून मेणबत्त्या आल्याचं सांगत गेल्या. दुसऱ्या दिवशी सव्वीस गेले. पौर्णिमेच्या दिवशी सकाळी चार राहिले होते, ते साडेदहापर्यंत संपले. त्यानंतर आणखी तीन बाया आल्या. वर्षाराणी त्यांना म्हणाली, "आताच संपल्या वं." धम्मदीपानं वहीत लिहिलं: तीन.

साहेबांनी सही दुसऱ्या दिवशी केली. आधी वही चाळली, त्या तीनवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बेसिकली..." मग पेन मागितला. केनवडच्या दोन्ही फेऱ्या चालू राहिल्या.

आता पंधरांपैकी माझे सहा दिवस झालेत. मी कोणाचाच आवाज काढत नाही. दीपाताई मात्र रोज जेवताना मुद्दाम माझ्यासमोर बसते आणि उत्कर्षसाहेबांचा आवाज काढते. इतका वाईट काढते! 'राइट'ला शेवटी वर न्यायचं असतं, ती खाली आणते. सगळे तिला हसतात. मी पोळी चावत राहते.