रानवाल्याचं भरीत

बोदवडच्या निंबाला जंगलाचं भारी वेड होतं. सातपुडा तो नेमाने पाहायचा. स्टेशनच्या पुलावरून, आणि तोही हवा स्वच्छ असली तर. एरवी त्याचा जंगलाशी संबंध एवढाच, की रानडुकरं वडलांच्या भुईमुगात शिरायची आणि राखणीला बसवलेला निंबा मचाणावर गाढ झोपलेला असायचा. एवढ्या अधिकारी माणसाला खेळातला रानवाला मिळाला नसता तरच नवल.

हा खेळ आणला कापडवाल्या रतिलालने. ब्याण्णव साली त्याचा मावसभाऊ परदेशातून आला. लोकांचे मावसभाऊ अत्तर आणतात, घड्याळ आणतात. याने एक जाडजूड पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा आणला. पट नाही, सोंगट्या नाहीत. रतिलालने सांगायचं, "तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात," आणि बाकीच्यांनी आपण काय करतो ते सांगायचं. ते जमलं की फसलं, हे फासा ठरवणार. दुकान बंद असलं की मागच्या खोलीत, कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून, बायकापोरं असलेले चार घोडे हे करायचे.

तोताराम वरणगावच्या फॅक्टरीत होता. आठवडाभर दारूगोळ्यात हात घालून मन भरत नव्हतं म्हणून सुट्टीला तो योद्धा व्हायचा. चुडामण मास्तर जादूगार, कारण जादूगाराला समजावून सांगायला भरपूर मिळतं. उरलेला रानवाला निंबाच्या गळ्यात पडला.

तो पुस्तकी रानवाला बर्फातले माग काढण्यात पटाईत होता. लांडग्याशी त्याची दोस्ती, आणि घरदार काही नाही. रतिलालच्या गोष्टीत बर्फ कधी पडला नाही, त्यामुळे निंबाला एकच काम: पुढे जाऊन पाहून येणे. तो पुढे जायचा, पाहायचा आणि मरायचा. दर मोहिमेत पहिला तोच. मग संध्याकाळपर्यंत बाकीच्यांना चहा द्यायचा. घरी बायको, कुंदाबाई, विचारायची, "आज कितीला मेले?"

शेवटी रतिलाल म्हणाला, "निंबाभाऊ, हा रानवाला नीट करून आणा. नाही जमलं तर पुढच्या वेळी मशाल धरायला उभं राहा." हे निंबाला लागलं. मशाल धरायला तर लग्नात गड्यांना उभं करतात. एकदा, फक्त एकदाच, मोहिमेच्या शेवटपर्यंत जिवंत राहायचं, एवढंच त्याला हवं होतं. आता यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण माणसाला हवं असतं ते असंच असतं.

महिनाभर तो कामाला लागला. बर्फ काढला, लांडगा काढला. धनुष्याच्या जागी गोफण दिली. आणि सगळ्यात मोठी विद्या दिली ती भरिताची. रानात कुठेही रानवाल्याने तुराट्यांवर वांगी भाजली, लाकडाच्या बडगीत ठेचली, की वासाने येईल तो प्राणी पंगतीला बसणार. बसला की त्या दिवशी त्याच्यावर हात उचलायचा नाही; कोणी उचलला तर यजमानाने मध्ये उभं राहायचं.

हा नियम तिघांनी बिनतक्रार मान्य केला. एरवी गोफणीच्या दगडाच्या वजनावरून तासभर भांडणाऱ्या चुडामण मास्तरांनीही मान डोलावली. कारण त्यांच्या मते हा नियमच नव्हता, रीत होती. बांधावरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊसुद्धा वावरातल्या भरीत-पार्टीत एका ओळीत बसतात आणि एकमेकांना तेल वाढतात. पण आपण ज्याला मारायला निघालोय तोच पानावर येऊन बसला तर काय, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

पुढच्याच मोहिमेत आग्या अजगर आला. डोंगराएवढा, आग ओकणारा, खाली सोन्याची रास. निंबाने भरीत मांडलं, फासा टाकला; वीस पडले. अजगर आला, केळीच्या पानावर बसला आणि रतिलालच्या तोंडून म्हणाला, "मिरची थोडी कमी झाली." मग जेवून तिथेच लवंडला.

तोताराम सरसावला. "झोपला पाहा. आता मान तोडतो त्याची."

"जेवला ना तो," निंबा म्हणाला.

"मंग? मारायसाठीच तं आलो आपन."

"माह्या पानावर जेवला, भो."

रतिलालने तोडगा काढला. तो व्यापारी, भांडणात गिऱ्हाईक जातं हे त्याला ठाऊक. "निंबाभाऊ, नियम खोडून टाका. कोणाची हरकत नाही. अजगर मरेल आणि तुम्ही जिवंत घरी जाल."

निंबाला इतक्या दिवसांत जे हवं होतं ते समोर वाढून ठेवलेलं होतं, फक्त हात लावायचा होता. त्याला घाम फुटला. कागदावरच्या अजगरासाठी घाम फुटावा, याची त्याला लाजही वाटली.

"मी मधात उभा राह्यतो," तो म्हणाला.

तोतारामला राग आला होता. त्याने फासा टाकला. घाव बसला, आणि रानवाला नेहमीसारखा पहिला मेला.

रतिलालने बराच विचार केला. आता अजगर उठणार, तिघांना जाळणार, असं चुडामण मास्तरांना वाटलं. पण रतिलाल म्हणाला, "अजगर उठला. त्याने तुमच्याकडे पाहिलं आणि उडून गेला. त्यानेही इथलं खाल्लं आहे. सोनं तिथेच पडलंय, घ्या."

कोणी सोनं घेतलं नाही. तोताराम फासा मुठीत धरून बसला होता. मग खाली मान घालून म्हणाला, "ते बठ्ठं सोनं निंबाच्या घरी पोचवा."

"रानवाल्याला घर नसतं," चुडामण मास्तरांनी पुस्तक दाखवलं.

"नसते कसं?" तोताराम म्हणाला. "भरीत मंग कोनाच्या वावरात झालं?"

रतिलालने खिशातलं पेन काढलं, पुस्तकातल्या रानवाल्याची ती ओळ खोडली आणि वर लिहिलं: याला घर आहे.