नाव नसलेला आजा

कचेरीच्या रेकॉर्ड खोलीत मी चपराशी होतो. तिथं एक शिकलेला माणूस याले लागला. पहिल्या दिवशी त्यानं मले रुमाल मागितला, तं म्या खिशातला नाक पुसाचा काढून देला. तो हसला नाही. जुन्या कागदाच्या गठ्ठ्याले रुमाल म्हणतात, हे त्यानंच मले शिकवलं.

दर शनिवारी सीताबर्डीहून सायकलनं एकटाच ये, अन् आपल्या गावच्या कोतवालाच्या जुन्या जल्म-मरणाच्या बुकात आज्याचं नाव शोधे. पान उलटताना मेलेल्या माणसाले धक्का लागल्यावानी "माफ करजा" म्हणे.

एका शनिवारी त्याचं बोट थांबलं.

"भेटला का आजा, साहेब?"

"भेटला गा. गाव जुळते, साल जुळते. पण नावाच्या जागी नुसती जात लिवली हाय."

मी बयताड बोलून गेलो, "माह्या तं चार पिढ्या तोंडपाठ हायेत!"

"सांग."

म्या सांगतल्या. आज्यासाठी कोरं ठेवलेलं वहीचं पान त्यानं उघडलं, त्यावर माह्या चारही पिढ्या झोकदार अक्षरात लिवल्या, अन् पान फाडून माह्या हातात देलं.

"ठेव. तुह्या नातवाले इथं यावं लागू नये."

मले वाचता येत नव्हतं. लगनही झालं नव्हतं. पण म्या त्या पानाची घडी केली अन् खिशातल्या रुमालात जपून बांधली.