शर्यतीचे दोन, औताचे आठ

कान्ह्यापासून मळवलीपर्यंत एकही बैल असा नसेल, जो आमच्या चुलतसासऱ्यांच्या नजरेखालून न जाता दावणीला बांधला गेला. बैल घ्यायचा तर त्यांना बाजारात न्यायचं, ही रीतच होती. पुढे गोठे जाऊन तिथे फार्महाउसं उठली, पण रीत राहिली. माणसं त्यांना फ्रीज घ्यायला नेऊ लागली, मग मोटरसायकल, मग मोबाइल. ते कुणालाच नाही म्हणाले नाहीत. फ्रीजच्या पाठीवरून हात फिरवायचे, दार उघडून आत दात बघावेत तसे बघायचे. एक वॉशिंग मशीन त्यांनी "नजर चांगली न्हाई त्याची" म्हणून नाकारलं होतं. मशीनला नजर कुठे असते, हे विचारायची दुकानदाराची छाती झाली नाही.

माझी मुलगी इंजिनिअरिंगला लागली तेव्हा लॅपटॉपसाठी अर्थातच त्यांना बोलावलं. मुलीने त्यांना तासभर प्रोसेसर समजावला. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "म्हंजी ह्येच्या पोटात धा बैलं हायती. दोन शर्यतीची, आठ औताची. हलकं काम असलं की औताची जुंपायची, शर्यतीच्यांना निजू द्यायचं. व्हय ना?"

"आजोबा, आमच्या सरांनाही इतकं नीट सांगता येत नाही!"

प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी यू असेल तर तो वीज कमी खातो, एच असेल तर जोरात पळतो पण खादाड, हेही तिने सांगितलं. इंग्रजी येत नसल्यामुळे त्यांनी अक्षरं चित्रासारखी पाठ केली. यू म्हणजे नाल, एच म्हणजे शिडी. "पोरीला कालेजात दिसभर बसायचं, चार्जिंगला जवळ पलग न्हाई. नालवालाच घ्यायचा. शिडीवाला दोन तासांत बसकण मारतो."

दुकानात ते भाकरी बांधूनच आले. लॅपटॉपवर सिनेमा लावायला सांगितला आणि त्याच्या पोटाखाली हात घालून चार तास बसले. सेल्समन अधूनमधून येऊन म्हणे, "काका, बॅटरी चांगलीच आहे." हे म्हणत, "बैल इकणाराबी त्येच म्हणतो." शेवटी खांद्यावरचा टॉवेल त्याच्या हातावर टाकून त्यांनी खालून त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच ठरतो, हे त्याला काय ठाऊक! त्याने घाबरून मॅनेजरला हाक मारली. मॅनेजर निघाला शेतकऱ्याच्या घरचा. त्याने मुकाट टॉवेलखाली हात घातला आणि एक शब्द न बोलता सौदा मिटला. वर एक बॅग फुकट.

आता माझं सांगतो. मी तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअरचा कारकून. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एकजण हसला, "यू घेतलात? पोरीला इंजिनिअर करायचंय की कारकून?" ते मला लागलं. संध्याकाळी न उघडलेला खोका घेऊन मी एकटाच दुकानात गेलो आणि शिडीवाला घेऊन आलो. रंग तोच होता. आजोबांनी पारखलेला म्हणून मुलीनेही आतलं नाव कधी तपासलं नाही.

पहिल्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या दिवशी, सगळ्या वर्गासमोर, मुलीचा लॅपटॉप बॅटरी संपून मधेच बंद पडला. ती रडत घरी आली तेव्हा चुलतसासरे आमच्याकडेच होते. त्यांनी सगळं ऐकलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "माझी नजर गेली, जावईबापू." मी चार्जर शोधायच्या निमित्ताने उठलो. त्या दिवसापासून ते कुणाबरोबरही काही घ्यायला गेले नाहीत. लोक यायचे, चहा पिऊन परत जायचे. अशी दोन वर्षं गेली.

यंदा त्या लॅपटॉपने पुरती मान टाकली. मुलगी हट्टाने म्हणाली, "नवा आजोबांनीच निवडायचा." म्हणून मी कान्ह्याला त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "न्हाई. तुमीच बघा." आणि माझ्या तोंडून, कसं ते माहीत नाही, सगळं बाहेर पडलं.

ते सावरून बसले.

"म्हंजी नजर शाबूत हाय?"

"शाबूत आहे, आबा."

"आरं द्येवा! आन् मी डाक्टरकडं जाऊन मोतीबिंदू काढून आलो की!"

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "पोरीला सांगितलंत?"

"नाही."

"माझी माफी ऱ्हाऊ द्या. तिला सांगा. आजा चुकला न्हवता, येवढंच सांगा."

त्याच संध्याकाळी मुलीला सांगितलं. ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही, पण फोन मात्र तिने लगेच लावला, कान्ह्याला.

गेल्या रविवारी दोघं नवा लॅपटॉप आणायला गेली. मला नेलं नाही. मी गॅलरीतून बघत होतो. बाजारात सगळ्यांच्या चार पावलं पुढे चालणारा तो माणूस नातीचा हात धरून, पाय चाचपत रस्ता ओलांडत होता. एवढे थकलेत हे मला त्या दिवशीच दिसलं. पलीकडे पोचल्यावर त्यांनी हात सोडवून घेतला, टॉवेल खांद्यावर झटकला आणि ते पुढे निघाले. मुलगी मुद्दाम मागे राहिली.