पेरू कुठं बघंल?

विद्यापीठाच्या नामांतरासाठी रास्ता रोको होता, म्हणून कन्नडहून आलेली आमची एसटी दौलताबादजवळ अडकली. मी चिकलठाण्यातल्या कंपनीच्या दुसऱ्या पाळीला निघालो होतो. शेजारच्या बाईंना मात्र त्या खोळंब्याचा आनंदच झाला. त्या देवगाव रंगारीच्या, मेंढपाळाच्या घरातल्या. लहान मुलांचं मन विचार कसा करतं, यावर विद्यापीठात संशोधन करत होत्या.

पुढच्या बाकावरच्या पाच-एक वर्षांच्या पोरीची आई पाणी प्यायला खाली उतरली. बाईंनी पोरीदेखत आईच्या पिशवीतला पेरू काढून बाकाखाली ठेवला.

"आई आली की पेरू कुठं बघंल?"

"पिशवीत," पोर म्हणाली. "तुम्ही काढला ते तिला कुठं म्हाईत हाय?"

बाई टाळी वाजवून उठल्या, डोकं वरच्या फळीला आपटलं, तरी हसतच होत्या. "ऐकलं का? हिच्याहून लहान पोरं म्हणतात, बाकाखाली! आपल्याला दिसलं ते सगळ्यांना दिसलं, असंच त्यांना वाटतं. दुसऱ्याचं मन येगळं असतं, हे हिला कळलंय!"

मीही पोरीकडं नव्यानं बघितलं.

मागं एक गृहस्थ मघापासून आंदोलकांना शिव्या देत होते. त्याच उत्साहात बाई वळल्या. "काका, त्यांच्या मनात काय हाय, कधी विचारलं का?"

ते खाली उतरून एका आंदोलकाला म्हणाले, "बाबा, नावासाठी एवढं कशापायी? नीट सांग." तो सांगू लागला.

बाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. परतलेल्या आईला त्या तिच्या लेकीचं कौतुक पुन्हा पुन्हा सांगत होत्या.