समुद्र ओलांडून आलेलं रताळं

आत्यानं समुद्र कधी पाहिला नव्हता, तरी रोज सकाळी ती तो बघायला जायची.

वडील लोणावळ्याला रेल्वेत होते. आमच्या चाळीमागून थोडं चाललं की डोंगर संपायचा आणि खाली सगळं कोकण धुक्यानं भरलेलं दिसायचं. पांढरं, संथ हलणारं, मधूनच एखादं टोक वर आलेलं. आत्या पदर कानांवर घट्ट ओढून उभी राहायची आणि मी तिचा हात धरून अर्धवट झोपेत.

"ह्यो समिंदर न्हवं, ठावं हाय मला," ती म्हणायची. "पर आसाच आसंल."

तिचे यजमान पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बोटीत बसून इराकातल्या बसऱ्याकडे गेले होते. लढाई संपून दोन वर्षं झाली, तरी ना पत्र, ना मेल्याचा कागद. वराळे गावातलं सासरचं घर बंद करून ती आमच्याकडे आली, कारण मुंबईहून येणारी प्रत्येक गाडी लोणावळ्याला थांबते, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. त्यांच्यासाठी ती सोमवार धरायची. उकडलेलं रताळं, भाजलेले शेंगदाणे, मिरची घातलेली बटाट्याची भाजी. चहात मात्र गूळच, कारण साखर पडली विलायती आणि विलायती जिन्नस उपासाला चालत नाही. या नियमाबाबत ती फार कडक होती.

त्याच वर्षी शाळेत गुरुजींनी पोर्तुगीजांच्या सफरी शिकवायला घेतल्या. नकाशावर त्यांची छडी लिस्बनहून निघायची, आफ्रिकेला वळसा घालायची, कालिकत, गोवा करत वसईला लागायची. खिडकीतून ढग वर्गात यायचे, पाट्या ओलसर व्हायच्या आणि मी त्या छडीबरोबर निळ्यावरून तरंगत जायची. गुरुजी सांगत होते की मिरची, बटाटा, रताळं, भुईमूग हे आपलं नव्हेच. पलीकडच्या अमेरिका खंडातून या फिरंग्यांच्या गलबतांतून ते आलं. कितीतरी गलबतं वाटेत बुडाली आणि निघालेल्यांपैकी निम्मी माणसंही घरी परतली नाहीत, असंही ते म्हणाले.

मी तेव्हा भलतीच आगाऊ होते. पुढच्या सोमवारी आत्या ताटावर बसली आणि मी सगळी विद्या ओतली. "हे सगळं फिरंग्यांनी आणलंय. साखर चालत नाही, मग हे कसं चालतं? तुझे सगळे उपास मोडले की!"

तिचा हात ताटावरच थांबला. "समदं?"

"सगळे," मी म्हटलं. मला वाद जिंकल्याचा केवढा आनंद झाला होता! आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यानंतर सोमवारी ती नुसत्या पाण्यावर राहू लागली. वडील रागावले, शेजारणींनी समजावलं, पण ती कुणाचं ऐकेना. चौथ्या सोमवारी कड्यावर तिला घेरी आली आणि ती मटकन खाली बसली. धुकं आमच्या पायांशी आलं होतं.

"त्ये न्हाई आलं त्ये माज्यामुळं," ती म्हणाली. "येवढं सोमवार केलं, येक बी देवाला पोचला न्हाई."

मी रडू लागले. तिनंच माझे डोळे पुसले आणि खाली त्या पांढऱ्याकडे बघत विचारलं, "त्या गलबतातली मानसं घरला ग्येली का गं माघारी?"

गुरुजींचं वाक्य मला शब्दन् शब्द पाठ होतं.

"गेली. सगळी गेली," मी म्हटलं.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग चालंल रताळं. येवढा समिंदर वलांडून आलंय, त्याला द्येव न्हाई म्हननार न्हाई."

घरी आल्यावर तिनं अख्खं रताळं खाल्लं.

आत्याचे यजमान आले नाहीत. सोमवार मात्र चालू राहिले. बऱ्याच वर्षांनी माझी मुलगी तोच धडा मोठ्यानं वाचत होती आणि बुडालेल्या गलबतांशी आली. आत्या शेजारीच रताळं सोलत होती. मी घाईघाईनं मुलीला म्हटलं, "पुरे आता, उद्या वाच."

"वाचू दे की," आत्या म्हणाली. "मला तवाच कळलं हुतं, तुजं त्वांड बघून."

आणि तिनं अर्धं रताळं माझ्या हातावर ठेवलं.