मुलींच्या शाळेचं भाषण

बायकोपासून माझं काही लपत नसे, पण एवढं तिलाही सांगितलं नाही. ती गेली, ते न ऐकताच गेली. आता तुम्हाला सांगतो. मध्येच अडखळलो तर अडखळू द्या — भाषणं ठोकणाऱ्या माणसाला साधं बोलणं जमत नाही.

सत्तर सालानंतरची गोष्ट. खालापूरकडच्या आमच्या गावाचा मी सरपंच होतो. गावात नळ आणला, विजेचे खांब आणले, मुलींना शाळेत धाडा म्हणून घरोघर फिरलो. ते खोटं नव्हतं. पण पुढच्या निवडणुकीला माझ्यासमोर उभा राहिला दगडू — माझा लहानपणापासूनचा सोबती. चिखलणीला त्याचे बैल माझ्या शेतात, माझे त्याच्या. लोकांचा ओढा त्याच्याकडे होता, आणि मला ते सोसवत नव्हतं. खुर्ची इतकी गोड असते का हो?

असते.

आदल्या वर्षी भाताची झोडणी चालू असताना मी त्याच्या खळ्यावर गेलो होतो. त्याची सुमन, तेरा-चौदा वर्षांची पोर, पेंढ्यावर कोसळली. दातखीळ बसलेली, तोंडाला फेस. फिट आली होती. मीच पायातली वहाण काढून तिच्या नाकाशी धरली, मीच तिला उचलून घरात नेलं. ती शुद्धीवर यायच्या आत दगडूने मला परसात ओढलं.

"पोरीचं लगीन व्हायचं हाय रं. कुनापाशी बोलू नको. म्हनून तर शाळंतनं काढली तिला."

मी देवाची शपथ घेतली.

आणि सभेत काय केलं? देवळासमोर, शिळफाट्याहून आणलेल्या कर्ण्यावर, नळाचं बोललो, विजेचं बोललो. टाळ्या पडल्या — पण पुरेशा नाहीत. मग म्हणालो, ज्यानं स्वतःची लेक शाळेतून काढून चुलीपुढे बसवली, तो तुमच्या लेकींचं काय भलं करणार? शपथ मोडली नाही बघा. फिटचा शब्दही काढला नाही. त्याला उत्तर देता येणार नाही हे मला ठाऊक होतं — म्हणूनच तर बोललो.

दगडू पुढेच बसला होता. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

बापाचं नाव खराब झालं म्हणून दुसऱ्या दिवशी सुमन आपणहून शाळेत गेली. प्रार्थनेच्या रांगेत, सगळ्यांसमोर, तिला फिट आली. संध्याकाळपर्यंत आजूबाजूच्या गावांत कळलं. मी निवडून आलो. तिला मागणी आली नाही — कधीच नाही.

त्या पावसाळ्यात दगडू नेहमीसारखा बैल घेऊन माझ्या शेतात आला. मी काहीतरी बोलायला गेलो. "बैल खोळंबल्यात रं," म्हणाला आणि चिखलात उतरला.

तोही आता नाही. सुमन त्याच घरात एकटी राहते, केस पांढरे झालेत. वाटेवरून जाताना दिसलो की हाक मारते, बसवून चहा देते. मागे एकदा म्हणाली, "काका, तुमाला तवा ठावं नवतं. ठावं असतं तर तुमी तसं बोललाच नसता."

मी बशीत चहा ओतला आणि हो म्हणालो.