बोलता संगणक मुका झाला

मोहिद्दीन आतार भ्याला की आधी त्याचे हात गार पडायचे. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही, आवाजही तोच राहायचा. पण बोटं अशी गार, की हातात हात घेणारा दचकावा. रुमानाला, त्याच्या बायकोला, हे लग्नानंतर दोन महिन्यांतच कळलं होतं. त्या बुधवारी सकाळी साडेअकराला त्याचे हात असे गार पडले तेव्हा रुमाना घरात नव्हती. आईला दवाखान्यात दाखवायला ती सांगलीला गेली होती आणि संध्याकाळच्या एसटीशिवाय परतणार नव्हती.

मोहिद्दीनला दिसत नव्हतं. पण तो जन्मापासून आंधळा नव्हता. आटपाडीच्या स्टँडजवळ त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, वडिलांच्या हातचं. डोळ्याला भिंग लावून तो केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरायचा. अठ्ठाविसाव्या वर्षी संध्याकाळी घरी येताना तो गटाराच्या कडेला ठेचकाळायला लागला. मग कडेकडेचं दिसेना झालं. समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून बघावं तसं, आणि ती नळी दर वर्षी बारीक होत गेली. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की गेलेली नजर परत येणार नाही आणि आहे तीही टिकणार नाही.

ही गोष्ट त्याने वर्षभर दुकानात कुणाला कळू दिली नाही. त्यातच एक दिवस बिराप्पा नावाचे म्हातारे फौजी आपलं जुनं घड्याळ घेऊन आले. मोहिद्दीनच्या चिमट्यातून चाक निसटलं आणि ते शोधताना त्याच्याच अंगठ्याखाली स्प्रिंग चिरडली गेली. बिराप्पांनी घड्याळ उचलून खिशात टाकलं आणि निघून गेले. त्या दिवसापासून एक भीती त्याच्या मनात घर करून बसली. अंधाराची नव्हे, अंधाराला तो हळूहळू सरावला. आपल्या हातून काहीतरी मोडतंय आणि आपल्याला ते कळतच नाहीये, याची भीती. चहा ओततानासुद्धा तो कपात बोट बुडवून बघायचा. चटका बसला तरी चालेल, पण कळायला हवं.

चौतिसाव्या वर्षी दुकान बंद झालं. दोन वर्षं तो घरात बसून होता. रुमानाची शिलाई मशीन चालायची आणि तो तिचा आवाज ऐकत भिंतीला टेकून बसायचा. शेवटी रुमानानेच कुठून तरी चौकशी काढली आणि त्याला सहा महिन्यांसाठी सांगलीला, अंधांच्या संगणकवर्गाला पाठवलं. तिथे वीरधवल सरांनी त्याला बोलता संगणक शिकवला. पडद्यावर जे येईल ते एक यांत्रिक आवाज वाचून दाखवायचा. सुरुवातीला तो नाकात बोलणाऱ्या माणसासारखा वाटायचा, पुढे सवय झाली. सगळं लिनक्सवर, म्हणजे संगणक चालवणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर. ते फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रावरही चालतं, म्हणून. वर्ग संपला तेव्हा सरांनी एक जुना संगणक त्याच्या घरी पाठवून दिला. तो रुमानाच्या मशीनशेजारी टेबलावर बसवला गेला. तेव्हापासून लोकांच्या सभांची रेकॉर्डिंगं ऐकून टाइप करून द्यायची, हे त्याचं काम.

आता एक चांगली नोकरी समोर आली होती. मेंढपाळांसाठी फोनवर माहिती देणारं एक केंद्र सांगलीत उभं राहत होतं. मेंढरांना कोणता आजार, लस कधी, जवळचा डॉक्टर कोण. हे वेबसाइटवर बघायचं आणि फोनवर सांगायचं. काम घरी बसून. त्याची परीक्षा त्याच बुधवारी दुपारी दोन वाजता, ऑनलाइन. सकाळी त्याने परीक्षेचं पान उघडून बघितलं, तर संगणक म्हणाला, 'तुमचा ब्राउझर जुना आहे. हे पान नव्या ब्राउझरमध्येच उघडेल.'

आतापर्यंत त्याने एकट्याने नवं काही बसवलं नव्हतं. वीरधवल सरांना फोन लावला, तो त्यांनी उचलला नाही. वर्गातल्या एका सोबत्याला लावला. त्याने घाईघाईत संगणकाला द्यायच्या हुकमांच्या तीन ओळी सांगितल्या. "पहिल्या दोन मार, मग बसवायची ओळ मार. हो म्हण. झालं." मोहिद्दीनने त्या पाठ केल्या आणि एकेक अक्षर ऐकत टाइप केल्या. पासवर्ड विचारला तेव्हा पहिला धक्का बसला. पासवर्ड टाइप करताना संगणक एक अक्षरही बोलत नाही. आठ कळा शांततेत दाबायच्या आणि एंटर मारायचा. त्याने दोनदा चूक केली, तिसऱ्यांदा जमलं. मग आवाज भराभर काहीबाही इंग्रजी वाचायला लागला. आणि एका शब्दाच्या मध्यावरच तुटला.

मोहिद्दीन थांबला. दहा सेकंद, वीस सेकंद. आवाज चालू करायच्या तीन कळा एकदम दाबल्या. काही नाही. परत दाबल्या. काही नाही. स्पीकरची वायर चाचपली, ती जागेवर होती. संगणकाच्या डब्याला हात लावला; आतला पंखा फिरत होता. म्हणजे संगणक चालू होता, आत काहीतरी करत होता, आणि त्याला सांगत नव्हता.

बटण दाबून बंद करावं, तर सरांचं वाक्य आठवलं. काही बसत असताना मध्येच वीज काढली, तर संगणक पुन्हा उठणारही नाही. बंद न करावं, तर आत काय चाललंय? दोन वाजायला अडीच तास होते. सरांना परत फोन केला. रिंग वाजून वाजून थांबली. त्याचा फोन साधा, बटणांचा. कॅमेऱ्यापुढे धरून काही वाचून घ्यावं, असा तो नव्हताच. मोहिद्दीन उठला, भिंतीच्या कडेने दारापर्यंत गेला आणि समोरच्या घराच्या दिशेने हाक मारली.

"राहीमावशी. ओ मावशी, जरा येताय का?"

राहीबाई साठीच्या. माहेर जतकडचं, सासर इथलं. अर्धी हयात मेंढरांमागं गेलेली. त्या चुलीवरचं कालवण उतरवून पदराला हात पुसत आल्या.

"काय रं बाबा? त्वांड असं का झालंय?"

"मावशी, संगणक बोलायचा थांबलाय. पडद्यावर काय दिसतंय तेवढं सांगा."

त्या पडद्याजवळ वाकल्या. "काळं हाय समदं. त्येच्यावर पांढऱ्या मुंग्यांची रांगच रांग. म्या चौथी शिकल्येय, पर मराठी. ह्ये विंग्रजी हाय."

"हलतंय का काही?"

"न्हाई. खालच्या अंगाला येक पांढरा ठिपका तेवढा लुकलुकतोय. बाकी समदं गप."

"त्या ठिपक्याच्या आधी काय आहे?"

राहीबाईंनी डोळे बारीक केले. "कवाडाच्या चौकटीवाणी खूण. मग बेचकी. मग तिरपी काठी. मग ल्हानशी कमान. आन् परत चौकट."

बेचकी म्हणजे वाय. कमान म्हणजे एन. हो की नाही, असं संगणक विचारत होता. तो मुका झाला होता, पण अडला होता तो मोहिद्दीनच्या उत्तरासाठी. मोहिद्दीनने श्वास सोडला आणि त्याचं बोट वायच्या कळेवर गेलं. सोबत्याने सांगितलंच होतं, हो म्हण.

पण बोट दाबलं जाईना. कशाला हो म्हणतोय आपण? गेल्या वर्षी वर्गातल्या नईमने असंच काहीतरी बसवलं, आणि त्यात त्याचा वाचणारा प्रोग्रामच निघून गेला होता. नईमला तो पुन्हा बसवून मिळायला तीन आठवडे लागले. त्याचं घर तरी सांगलीतच होतं. इथे आटपाडीत कोण येणार होतं?

"मावशी, थोडं बसाल का? वेळ लागंल."

"कालवण उतरवून आल्येय. बसत्ये की."

त्याने रुमानाच्या मशीनच्या खणातून शिलाईचा खडू काढला. गुडघ्यांवर बसून शहाबादी फरशीवर मोठाली इंग्रजी अक्षरं काढली. अक्षरं त्याला येत होती. डोळे होते तेव्हाची होती ती. फक्त एकावर एक येऊ नयेत म्हणून डाव्या हाताचं बोट मधे ठेवून तो पुढे सरकत होता. रिमूव्ह्ड. म्हणजे काढून टाकलेलं. हो म्हटल्यावर काय काय जाणार, त्याची यादी या शब्दाखाली येते.

"असला शब्द कुठं दिसतोय का बघा. असाच मोठा."

राहीबाई एकदा फरशीकडे, एकदा पडद्याकडे बघत राहिल्या. गल्लीतून एक टेम्पो गेला. मोहिद्दीन कान टवकारून बसला होता. त्यांनी 'न्हाई' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

"हाय," त्या म्हणाल्या. "ह्यो तीन दातांचा कंगवा दोनदा आलाय. मदी वाटोळं. ह्योच हाय."

"त्याच्या खाली किती ओळी?"

"दोन. न्हाई, अडीच म्हन."

आता त्याने बारकी चार अक्षरं काढली. ऑर्का. त्याच्या वाचणाऱ्या प्रोग्रामचं नाव. घाईत दुसरं अक्षर बिघडलं. ते तळव्याने पुसून त्याने पुन्हा काढलं. "त्या अडीच ओळींत हे बघा. घाई करू नका. एकेक अक्षर जुळवा."

राहीबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. बोट काचेवरून सरकल्याचा बारीक आवाज त्याला येत होता. पहिली ओळ झाली. दुसरी अर्धी झाली. बोट थांबलं.

"वाटोळं," त्या हळू म्हणाल्या. "मग वाकडी काठी. मग आर्धं वाटोळं. मग पोटवालं. ह्ये बघ, तू काढलंयस तसंच हाय, बाबा."

मोहिद्दीन फरशीवरच बसून राहिला. एक कळ. एक कळ दाबली असती, तर नवा ब्राउझर आला असता आणि तो वाचून दाखवणारा आवाज कायमचा गेला असता.

"पानी आनू का?" राहीबाईंनी विचारलं.

"नको. आधी हे संपवू." तो चाचपडत खुर्चीवर बसला. एनची कळ शोधली, ती आहे याची दोनदा खात्री केली, दाबली, आणि एंटर मारला.

"दोन वळी आल्या आन् ठिपका खाली गेला," राहीबाई म्हणाल्या. "आता नुस्ता लुकलुकतोय."

आता आत काही बसत नव्हतं, म्हणून त्याने डब्याचं बटण दाबून धरलं. पंखा थांबला. मग संगणक पुन्हा चालू केला. आवाज यायला एरवी मिनिटभर लागायचं. मिनिट गेलं. राहीबाई सांगत होत्या, "चित्र आलं. निळं झालं. बाण फिरतोय." तरी आवाज येईना. काही आधीच निघून गेलं असेल का? सोबत्याच्या पहिल्या दोन ओळींनीच काही मोडलं असेल का? त्याने त्या तीन कळा दाबल्या.

"स्क्रीन रीडर ऑन," नाकातला आवाज म्हणाला.

मोहिद्दीनने कपाळ टेबलाला टेकवलं. राहीबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पावणेएकला वीरधवल सरांचा फोन आला. ते वर्गात होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नाही म्हणालास ते फार बरं केलंस," ते म्हणाले. "आता ऐक. सिस्टिममध्ये काही बसवूच नकोस. ब्राउझरचं गाठोडं त्याच्या स्वतःच्या साइटवरून आपल्या फोल्डरात उतरव, तिथेच सोड, आणि तिथूनच चालव. कशालाच धक्का लागत नाही. नाही आवडलं तर फोल्डर पुसून टाक."

"पासवर्ड?"

"लागत नाही. पासवर्ड मागितलाच, तर थांब आणि मला फोन कर."

गाठोडं उतरायला अर्धा तास लागला. आवाज मध्येमध्ये टक्के सांगत होता, आणि प्रत्येक थांब्याला मोहिद्दीन श्वास रोखत होता. सत्तर टक्क्यांवर तो इतका वेळ अडला की राहीबाईंनीच विचारलं, "निजला का काय?" मग पुन्हा चालू झाला. दीड वाजता त्याने गाठोडं सोडलं आणि नवा ब्राउझर सुरू करायची ओळ टाइप केली. पुन्हा ती शांतता. पाच सेकंदांची असेल, पण मोहिद्दीनला ती संपेनाशी वाटली. मग आवाजाने खिडकीचं नाव सांगितलं. परीक्षेचं पान उघडलं. 'आपलं नाव भरा,' असं ते म्हणालं.

परीक्षेत चाळीस प्रश्न होते. त्यातले सहा त्याला येत नव्हते. त्यातले दोन मेंढ्यांच्या खुरांबद्दल होते आणि ते शेजारी बसलेल्या राहीबाईंना आले असते. पण त्या ओठ मिटून बसल्या आणि त्यानेही विचारलं नाही.

संध्याकाळी रुमाना आली तेव्हा फरशीवरची खडूची अक्षरं तशीच होती. "हे काय?" तिने विचारलं. त्याने सगळं सांगितलं.

"भ्याला होतात?"

"लय," तो म्हणाला. लपवावं असं त्याला वाटलं नाही.

महिन्याभरात नोकरीचं पत्र आलं. भीती मात्र गेली नाही. अजूनही काही नवं उतरवायचं असलं की तो हो म्हणण्याआधी यादी दोनदा ऐकतो आणि रुमाना घरात आहे ना, हे विचारून घेतो. पहिला फोन जतच्या पुढच्या एका वस्तीवरून हरणाबाई नावाच्या बाईचा आला. अर्धं कानडी, अर्धं मराठी. तीन मेंढ्यांच्या तोंडाला फेस आला होता आणि भीतीने तिला नीट बोलताही येत नव्हतं. मोहिद्दीन कानाने पान शोधत होता आणि तिला सांगत होता, "बाई, फोन ठेवू नका. मी आहे. जरा शोधतोय." जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर सापडायला दीड मिनिट लागलं. त्याने एकेक आकडा सावकाश सांगितला आणि तिच्याकडून परत म्हणवून घेतला.

त्या मेंढ्यांचं पुढे काय झालं ते त्याला कळलं नाही. हरणाबाईंचा परत फोन आला नाही. दोन-तीन दिवस तो राहीबाईंना विचारत राहिला, की फेस आलेली मेंढरं वाचतात का. राहीबाई म्हणाल्या, "कवा वाचत्यात, कवा न्हाई. पर ती भ्यालीय ह्ये वळखून तू फोन धरून ऱ्हायलास, त्ये तिला कळलं आसंल."